बुचाची जागा

चढ.

पाय पेडलवर नाही, कुणी हात लावलेला नाही, तरी उभ्या गाडीचं इंजिन आपोआप बोंबलत सुटायचं. काचा थरथरायच्या.

उतार.

घास अडकल्यासारखा आवाज बसायचा. पुन्हा चढ, पुन्हा उतार, आणि चहाला उकळी फुटायच्या आत गाडी ठप्प.

"उद्या लेकीकडे असंच नाचत जायचंय का?" त्याची बायको गाडीच्या मागच्या दारातून म्हणाली. जुन्या कॅम्पर व्हॅनचा मागचा भाग म्हणजे तिचं राज्य. बिछाना, शेगडी, दोन कपाटं. "तिचे दिवस भरलेत. आपण पोचू तेव्हा नातवंड शाळेत गेलेलं असेल."

"अगं, कुठूनतरी जादा हवा ओढतंय इंजिन. जागा सापडली की झालं."

"शोधा तुम्ही. मी जरा पाठ टेकते. बंद पडली की जाग येईलच मला. पडतेच."

खिडक्या लावल्याचा आवाज आला. बाहेर गारठा होता.

जागा सापडली. कार्बुरेटरखालून निघालेल्या, आता कशालाच न जोडलेल्या रबरी नळीचं बूच तडकलं होतं. त्याने तोंडावर अंगठा दाबला. इंजिन शहाण्या मुलासारखं शांत झालं. अंगठा काढला, पुन्हा बोंब, आणि ठप्प.

आता बूच कुठून आणायचं?

घरात त्याला खटपट्या म्हणत. इथलं काढून तिथं लावण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. गाडीच्या तळाला, बिछान्याच्या खाली, काढून टाकलेल्या सिंकच्या नळीचं भोक होतं. त्यात नेमकं एवढंच बूच. तो गाडीखाली सरकला, बूच पिरगाळून काढलं. शेजारी सायलेन्सरच्या सांध्याला काजळी धरली होती, तिथून धूर गळत असणार.

हे परत आल्यावर बघू, तो स्वतःशीच म्हणाला. बाहेर येऊन त्याने बूच रबरी नळीच्या तोंडात दाबलं आणि गाडी चालू केली.

सरळ.

सरळ, सरळ, सरळ. चहा झाला, गाडी चालू. अंगण झाडून झालं, गाडी चालू. किल्लीला हात लावायचं त्याच्या जिवावर आलं. त्याने लेकीला फोन लावला आणि उघड्या बॉनेटशी धरला.

"ऐकलंस?"

"काय ऐकू, बाबा?"

"तेच तर! एक सूर! इतका वेळ झाला, हूं की चूं नाही!"

"बरं बाबा, मानलं तुला. आईला दे फोन."

"झोपलीय. अगं ए! बघ, नाही पडली बंद!"

तो टोमण्याची वाट बघत थांबला.

त्याच्या बढाईला टोमणा आला नाही, असं लग्न झाल्यापासून कधी घडलं नव्हतं.

त्याने मागचं दार उघडलं.

गरम, कोंदट, जळकी हवा तोंडावर आदळली. ती कुशीवर पडलेली. ओठ उघडे. एक हात बिछान्यावरून खाली लोंबत होता, आणि त्या हाताच्या पलीकडे, बिछान्याखालच्या अंधारात, उजेडाचा एक ठिपका.

भोक.

तिथलं बूच

तिथलं बूच कुठे आहे हे

त्याने तिच्या काखांत हात घातले आणि ओढलं. तिची मान मागे गेली, टाच पायरीवर आपटली, ती काही बोलली नाही. टाच आपटूनही बोलली नाही. मातीत पडलेला फोन ओरडत होता, "बाबा? बाबा, काय पडलं?"

"अँब्युलन्स! आईला... अँब्युलन्स बोलव!"

आणि इंजिन? सरळ. त्याच्या मेहनतीचं, एकसुरी, सुरेख, सरळ.

किल्ली फिरवायला हवी होती. त्याला ते सुचलंच नाही. तो बॉनेटकडे धावला, तापलेल्या लोखंडाला हात भाजत ते बूच धरलं आणि उपटलं.

चढ.

उतार.

चढ, उतार, एक मोठा आचका, ठप्प.

इतकी शांतता झाली की फोनमधलं लेकीचं रडणं अंगणभर ऐकू आलं. तो बायकोशेजारी गुडघ्यांवर बसला. तिला हलवायचं, की तोंडात हवा फुंकायची, की हाक मारायची, काय आधी करायचं?

तिला खोकला आला. उलटी झाली. त्याने तिचं डोकं आडवं धरलं. खूप वेळाने तिने डोळे किलकिले केले, पण नजर त्याच्यावर ठरेना.

"पडली ना बंद?" ती पुटपुटली. "म्हटलं नव्हतं..."

"पडली," तो म्हणाला. "पडली गं. पडली."

अँब्युलन्सवाल्यांनी तिला स्ट्रेचरवर घेतलं, आणि त्याला म्हणाले, आजोबा, हात दाखवा, भाजलाय वाटतं. त्याची मूठ उघडेना. दोघांनी मिळून एकेक बोट सोडवलं, तेव्हा बूच खाली पडलं आणि घरंगळत गाडीखाली गेलं.