निळ्या रंगाची वस्ती

बंदुकीसारखा तापमापक कमरेला खोचून ती शिडी चढली, आणि खाली शिडी धरून उभ्या असलेल्या भावानं एकदाही ‘जपून’ म्हटलं नाही.

दोघांचं बोलणं तीन वर्षं बंद होतं. आज सकाळी तो तिच्या कार्यालयात येऊन सगळ्यांसमोर आरडाओरडा करून गेला, म्हणून ती भर दुपारी तणतणत इथं आली होती. उपग्रहानं टिपलेल्या उष्णतेच्या चित्रांवरून शहराचा नकाशा तिनंच केला होता. जिथं लाल रंग, तिथं पालिका झाडं लावणार, सावलीचे मांडव घालणार, छतांखाली उष्णता अडवणारा थर बसवणार. यादी संध्याकाळी साहेबांच्या सहीला जायची होती. भावाची वस्ती नकाशात निळीशार होती, म्हणजे यादीत नव्हती. आणि त्याच्या घरी राहणारी आई गेल्या आठवड्यात दोनदा चक्कर येऊन पडली होती.

“पडली ती तू लक्ष देत नाहीस म्हणून,” तिनं सकाळी त्याला सुनावलं होतं. “वस्तीवर खापर फोडू नकोस.”

खरं तर त्या वस्तीला थंड म्हणायला मोठी छाती हवी. पत्र्याच्या घरांच्या आठ रांगा, मधे दोन माणसं अंग चोरून जातील एवढ्या सिमेंटच्या गल्ल्या, आणि वारा येईल त्या बाजूला नेमकी उंच इमारतींची भिंत. झाड औषधालाही नव्हतं. हे ज्यानं कुणी आखलं त्याला इथं माणसं राहतील असं वाटलंच नसावं. गेल्या वर्षी सगळी छपरं नवी झाली होती, तेवढीच काय ती शोभा.

तिनं छपरावर नेम धरून चाप ओढला. मग दोन पायऱ्या उतरून यंत्र भावाच्या नाकासमोर धरलं.

“वाच. तेवीस अंश. आणि हे यंत्र आभाळात नाही, माझ्या हातात आहे.”

“मग दुसरा हात पत्र्यावर ठेव.”

“नाटकं पुरे कर.”

“ठेव की, उपग्रहबाई. तेवीसच तर आहे.”

ती तरातरा वर चढली आणि तळहात पत्र्यावर दाबला.

ती ओरडली नाही, कारण तो बघत होता. खाली येईपर्यंत तळहात लालबुंद झाला होता. नवा चकचकीत पत्रा कितीही तापला तरी स्वतःची उष्णता यंत्राला फारशी दाखवत नाही, वरच्या आभाळाचा गारवाच परतवतो. तिच्या हातातलं यंत्र फसलं होतं, तसाच उपग्रहही फसला होता. असल्या छपरांचं गणित वेगळं करायचं, हे ती दरवर्षी नव्या लोकांना बजावून सांगायची. यंदा घाईत तिनंच सगळ्या शहराला एक गणित लावलं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं तिथूनच कार्यालयात फोन लावला.

“यादी थांबवा. चूक माझी आहे.”

“उपकार झाले,” भाऊ म्हणाला.

आत आई खाटेवर बसून होती. डोक्यावर ओला टॉवेल, पंखा बंद. लेकीनं पंख्याच्या बटणाकडे हात नेला.

“राहू दे,” आई म्हणाली. “इथं कुठला आलाय उकाडा? माझंच वय झालंय. त्या शेजारणी ‘वस्ती यादीत घ्या’ म्हणून अर्जावर सही मागत होत्या, हाकलून दिलं. म्हटलं, माझी लेक वरून बघते, तिला जास्त कळतं.”

“आई, नकाशा चुकलाय. मी चुकले.” तिनं तळहात पुढे केला. “तुझ्या छपरानं भाजलं.”

आईनं तळहातावर हळूच फुंकर घातली. मग मुलाकडे रागानं पाहिलं.

“तू कशी चुकशील? यानंच काहीतरी भरवलं असेल तुझ्या डोक्यात.”

भावानं आईच्या डोक्यावरचा टॉवेल उचलला, बादलीत बुचकळून पिळला आणि पुन्हा ठेवायला वाकला. आईनं त्याचा हात बाजूला सारला.

“तिला ठेवू दे,” ती म्हणाली.