चार मिनिटांचा चष्मा

“डोया माह्या बाईचा, शेकते पदरानं;
दुखनं जाईन उडून, वाऱ्याच्या भरानं.”

साठ वर्षांमागं आई असं गुणगुणायची. पदराची गुंडाळी करून तिच्यात गरम फुंकर भरायची आणि लहानग्या कस्तुराच्या डोळ्यावर ठेवायची. ऊब लागली म्हणजे बरं होणारच, हे पोरीच्या मनानं तेव्हा धरलं ते धरलंच.

कस्तुराबाईचा उजवा डोळा काचबिंदूनं केव्हाच नेला. डाव्यात मोठ्या शहरातल्या दवाखान्यानं तांदळाच्या कणीएवढी चकती बसवली होती. नवंच काम, अजून पारखून पाहत होते. चकती डोळ्यातला दाब मोजायची, पण तिच्यात सेल नव्हता. जाड काड्यांचा चष्मा घालून बटण दाबलं की वायरीवाचून तिला वीज मिळे. सकाळी चार मिनिटं, संध्याकाळी चार. मग चष्मा आपोआप बंद.

“जास्त चालवला तर चकती तापते. डोळा गरम वाटला तर लगेच काढा, आम्हाला कळवा,” डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

सून मंजुषा घड्याळ लावून समोर बसायची. केनवडच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधता बांधता शेजारची लिलाबाई चिडवायची, “म्हातारपनी गागल! शिनेमात चालली काय व?”

“चालली. तुले त्यात मावशीचं काम पाहिजे असंन तं सांग.”

चौथ्या मिनिटाला डोळा जरासा कोमट लागे. अगदी पदरासारखा.

मंजुषा वाफ्यांना पाणी द्यायला गेली की म्हातारी कोनाड्यातून चष्मा काढी. बटण दाबी. बंद झाला की पुन्हा दाबी. डोळ्यामागं ऊब पसरत जाई, आणि आई जवळ येऊन बसे. दवाखान्यातून फोनवर विचारत, “गरम वाटतं का?” ती म्हणे, “नाई जी.” हो म्हटलं तर चकती काढून घेतील. मग उरल्यासुरल्या उजेडाची राखण कोण करणार?

परवा तिच्या नजरेपुढं मेथीच्या काड्या एकमेकींत मिसळल्या. आज समोर मंजुषा नव्हती, धुकं होतं, आणि धुक्यात कुंकवाचा लाल डाग.

मंजुषानं फोन लावला. “चारच मिनिटं जी. घड्याळ लावून. देवाशप्पथ!” पलीकडचा आवाज कस्तुराबाईलाही ऐकू आला. आतून भाजलं असावं. ताबडतोब आणा. किती वाचेल, सांगता येत नाही.

मंजुषा भिंतीला टेकून खाली बसली. “माह्याच हातानं झालं, आत्याबाई. चुकून बटन दोनदा दाबलं असंन मी. तुमचा डोया मी घालवला.”

कस्तुराबाईनं चाचपत तिचा गाल शोधला. ओला होता. सवयीनं पदराची गुंडाळी झाली, फुंकर ओठांवर आली आणि तिथंच थांबली.

“फोन चालू हाय काय?”

“हाय. डॉक्टरीणबाई हायेत.”

“मंग आयकू दे त्याईले. तू चुकली नाई, पोरी. तू वावरात गेली का मीच लावत होती. रोज. चार-चार डाव. गरम लागत होतं. लय गरम लागत होतं... अन् मले ते बरं वाटत होतं.”