टाकीचं झाकण

गाडी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी निघाली. कागदांवरचं साल वाचून नवरा म्हणाला, "चला, तुला घरात एक थोरली जाऊ आली." मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्यानं भाजी आणायला निघून गेला. बावीस वर्षं नर्स म्हणून काढल्यावर बाईला एक खास नजर येते, ती मी घरातही वापरते. राग माझ्या नाकावरच असतो, आणि तो तिथं शोभतो असं माझं मत आहे.

असली मोटरसायकल मला शाळेत असल्यापासून हवी होती. गोल दिवा, फुगीर टाकी, भरपूर लोखंड. विकणाऱ्याच्या अंगणात ती छान धडधडली होती. माझ्या अंगणात टेम्पोतून उतरल्यावर मात्र तिनं मौनव्रत धरलं. वीस किका मारल्या. एकविसाव्या किकेला माझी चप्पल उडून शेजाऱ्यांच्या कुंडीत पडली.

तेवढ्यात वरच्या खिडकीतून आवाज आला, "सूनबाई, पॉइंट बघ. काजळी धरली असेल."

हे माझे सासरे. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली त्यांनी. दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या आजोबांच्या घड्याळाची तबकडी त्यांच्या हातून तडकली. त्याच आठवड्यात त्यांनी दुकान बंद केलं आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जे बसले ते बसलेच. जेवायला उठायचे, पुन्हा बसायचे. नवरा म्हणायचा, "बाबांना आराम करू दे." मला तो आराम बघवत नव्हता. असा आराम करणारी माणसं मी वॉर्डात पुष्कळ पाहिली आहेत, आणि त्यांचं पुढं काय होतं तेही.

"मला काय कळतंय पॉइंट न् बिइंट!" मी मुद्दाम ओरडले. "खाली या आणि दाखवा."

आले की! एक हात कठड्याला, दुसऱ्या हातात हत्यारांची डबी. डोळ्याला भिंग लावून त्यांनी इंजिनाच्या कडेचं झाकण उघडलं. ठिणगी पडावी म्हणून जी दोन टोकं टेकतात आणि सुटतात, ती कानसेनं हलक्या हातानं घासली. "अगं, हे तर भिंतीवरच्या घड्याळापेक्षा सोपं आहे," म्हणाले. तिसऱ्या किकेला गाडी धडधडली आणि सासऱ्यांनी चक्क टाळी वाजवली.

दुसऱ्या दिवसापासून खुर्ची रिकामी. सकाळचा चहा ते अंगणात घ्यायला लागले. मी ड्यूटीवरून यावं तर कुठला तरी स्क्रू चकाकत असायचा, कुठली तरी तार नीट बांधलेली असायची. मी मनातल्या मनात गाडीची दृष्ट काढत होते.

आणि मग तिला नवंच दुखणं जडलं. दहा मिनिटं झकास चालायची आणि धापा टाकत बंद पडायची. थोडा वेळ थांबलं की पुन्हा सुरू. सासरे पायरीवर घड्याळ घेऊन बसायचे. "नऊ मिनिटं चाळीस सेकंद. काल नऊ पन्नास होती. बंद पडते, पण वेळेवर पडते हो!" आम्ही प्लग बदलला, कार्ब्युरेटर खोलून धुतला, पेट्रोलची नळी फुंकून पाहिली. कोपऱ्यावरचा मेकॅनिक येऊन म्हणाला, "ताई, हिला दिवाणखान्यात ठेवा, फुलदाणी म्हणून."

आठव्या दिवशी सासरे हळूच म्हणाले, "माझ्याकडूनच काहीतरी राहतंय. आता जमत नाही मला." आणि जिना चढून थेट खुर्चीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीवर जाताना गाडी भर रस्त्यात बंद पडली. पेट्रोल आहे का बघावं म्हणून टाकीचं झाकण फिरवलं, तर फुस्स करून हवा आत गेली. किक मारली. लगेच सुरू!

मी तिथंच उभी राहिले. सलाईनच्या काचेच्या बाटलीला हवेची सुई टोचली नाही तर थेंब पडायचे थांबतात, हे मला झोपेतही सांगता येईल. टाकीत हवा शिरली नाही, तर पेट्रोल तरी खाली कसं उतरणार? झाकण उलटं केलं. हवेच्या बारीक भोकावर काळ्या रबराची चकती चिकटवलेली होती, इतकी रेखीव कापलेली की ती एकाच माणसाच्या हातची असणार. भोक दिसलं, म्हणजे धूळ आत जाणार. घड्याळजीनं ते उघडं ठेवणं शक्यच नव्हतं.

दुसरं कुणी असतं तर मी त्याची भर चौकात हजेरी घेतली असती. पण बाबांना आणखी एक चूक दाखवली तर ती खुर्ची पुन्हा सुटायची नाही, या भीतीनं मी तोंड मिटलं. वॉर्डातल्या जाड सुईनं रबराला भोक पाडलं आणि दुपारी घरी येऊन म्हटलं, "बाबा, चला, मागे बसा. आज चालेलसं वाटतंय."

त्यांचा एक हात माझ्या खांद्यावर, दुसरं मनगट डोळ्यांसमोर. "नऊ चाळीस... दहा... बारा!" विसाव्या मिनिटाला ते माझ्या कानात इतक्या जोरात ओरडले की गाडी गटारात जायची राहिली. तळ्याशी थांबलो. पेट्रोल किती उरलंय बघायला त्यांनी झाकण काढलं, सवयीनं उलटं केलं आणि डोळ्यांजवळ नेलं. मी पाण्याकडे बघत राहिले.

"सूनबाई, हे भोक सुईचं आहे."

त्यांनी झाकण माझ्यापुढे धरलं.

"म्हणजे गाडी माझ्यामुळे बंद पडत होती."

"असू दे हो बाबा. होतं असं कधीकधी."

"तूसुद्धा?" ते एकदम तडकले. "तबकडी फुटली तेव्हा गिऱ्हाईक म्हणालं असू दे. तुझा नवरा म्हणाला असू दे. एकानं विचारलं नाही, की अहो, हे काय करून ठेवलंत? मी काय मेलोय? साऱ्या घराला झापतेस, मला एकट्याला कधी झापलं नाहीस तू."

माझे डोळे भरून आले. मग नेहमीचा राग आला, आणि मला फार बरं वाटलं.

"झापू?"

"झाप."

"आठ दिवस, बाबा! आठ दिवस हे धूड मी लोकांसमोर ढकलतेय! न विचारता रबर चिकटवायला हे काय मनगटी घड्याळ आहे? टाकीला हवा नको? पुन्हा माझ्या गाडीला मला न विचारता हात लावाल तर याद राखा!"

तळ्यावर गळ टाकून बसलेला माणूस वळून बघायला लागला. सासरे मान खाली घालून ऐकत होते आणि त्यांचे खांदे हसण्यानं हलत होते.

"विचारून लावला तर चालेल ना?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

"उद्या ब्रेक खोलायचे आहेत," मी म्हटलं. "सात वाजता खाली या. उशीर झाला तर ऐकून घेणार नाही."