पाण्याचा धनी

गोदावरीच्या पात्रातल्या त्या बेटावर राधाकृष्णशेठनी सुट्टीत राहायला बंगला बांधला, तेव्हा नगरच्या कापडबाजारात त्याची पुष्कळ चर्चा झाली होती. चारी बाजूंनी पाणी, मध्ये पांढरा बंगला आणि बंगल्यापुढे निळ्या फरशीचा पोहण्याचा हौद. नदीत राहून हौद कशाला, असं कोणी विचारलं की शेठ हसून म्हणत, "नदी सगळ्यांची. हौद आपला."

बहात्तर साली श्रावण लागला तरी पाऊस नव्हता. आदल्या वर्षीही म्हणण्यासारखा नव्हताच. पात्रात वाळू तेवढी उरली होती. मोटार गावात ठेवून शेठ, त्यांची पत्नी मालन आणि नऊ वर्षांची बेबी वाळू तुडवत चालतच बेटावर आली. होडी काठावर पालथी पडली होती. उन्हाने तिच्या फळ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या.

बेटावरच्या विहिरीला मात्र पाणी होतं. राखणदार एलियाने शेठच्या निरोपाप्रमाणे इंजिन लावून हौद काठोकाठ भरून ठेवला होता. बेबी फ्रॉकसकटच त्यात उतरली.

"गावातले लोक काय म्हणतात?" मालनने एलियाला विचारलं.

"काही म्हणत नाहीत, बाईसाहेब," एलिया म्हणाला. "म्हणाले असते तर बरं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव आलं. दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसं, बायका, सगळ्यांच्या पुढे म्हातारे सहादेवतात्या. एकाही बाईच्या कडेवर हंडा नव्हता. मालनला ते आधी दिसलं आणि का कोण जाणे, बरं वाटलं नाही. तात्यांनी उपरण्यात गुंडाळून काहीतरी जड छातीशी धरलं होतं. त्यांनी ते उलगडलं. काळा, गुळगुळीत, नारळाएवढा दगड होता.

तो गावच्या महादेवाचा बाण, पिंडीच्या शाळुंकेतून उचलून आणलेला. पाऊस लांबला की देव पाण्यात ठेवायचा, ही तिथली जुनी रीत. बाण नदीच्या डोहात बुडवायचा आणि पाऊस पडेपर्यंत बाहेर काढायचा नाही. देव गुदमरतो आणि मग आभाळाला हाक मारतो. त्या साली डोहच आटला होता; पाणी होतं ते शेठच्या हौदात.

"अहो, प्यायला न्या की पाणी," शेठ म्हणाले. "घरटी एकेक हंडा देतो मी."

"पिन्याला टँकर येतो कवातरी," तात्या म्हणाले. "देवाला टँकरचं चालत न्हाई. त्येला जागचं पानी लागतं."

"भिऊ नगा, शेठ," मागून भीमा नावाचा तरुण म्हणाला. "देव काय साबन लावून अंघोळ करनार न्हाई. टाकं घान व्हायचं न्हाई तुमचं."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. शेठही हसले. आपल्या हौदात देव बसणार, हे त्यांना मनातून आवडलं होतं. नगरला सांगायला एक गोष्ट झाली असती.

एलिया जवळ येऊन हळूच म्हणाला, "शेठ, आधी विचारून घ्या. पाळायचं काय काय असतं ते."

"तुम्हा ख्रिस्ती लोकांत देव पाण्यात ठेवत नाहीत, तुला काय कळायचं त्यातलं?"

"आमच्यात नाही ठेवत. पण मी याच गावचा आहे."

शेठनी हात हलवला आणि तात्यांना म्हणाले, "ठेवा, ठेवा. घर तुमचंच आहे."

तात्यांनी पायरीवर बसून बाण पाण्यात सोडला. निळ्या फरशीवर तो जाऊन बसला, उथळ टोकाला, कमरेएवढ्या पाण्यात. मग तात्यांनी शेठना वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "आता तुमी पान्याचे धनी."

पाळायचं काय ते त्यानंतर एकेक करून कळत गेलं. हौदात पोहायचं नाही. विहिरीचं पाणी आधी हौदाला, मग घराला. पाण्याच्या धन्याची कुवारीण, म्हणजे बिनलग्नाची लेक, असेल तिने रोज सकाळी देवावर पहिला तांब्या ओतायचा आणि दुपारपर्यंत काही खायचं नाही.

"हे आधी नाही सांगितलंत," मालन म्हणाली.

"आधी डोह कुनाचाच न्हवता, बाई," तात्या म्हणाले. "कुनाला पाळाया लागत न्हवतं. आता धनी हाय."

बेबीला पहिल्यांदा तो खेळच वाटला. बायकांनी तिच्या वेण्या घातल्या, कपाळाला हळद लावली. तांब्या दोन्ही हातांनी धरून ती पायऱ्या उतरली, तेव्हा सगळे उठून उभे राहिले. शाळेच्या संमेलनातसुद्धा तिच्यासाठी कोणी कधी उभं राहिलं नव्हतं.

सुट्टी संपली. शेठनी बॅगा उचलल्या आणि तिघं वाळूत उतरली. वाटेवर माणसं बसली होती. कोणी तंबाखू मळत होतं, कोणी नुसतंच बसलं होतं.

"कुठं निघालात, शेठ?" तात्यांनी विचारलं.

"नगरला. दुकान उघडायचंय."

"देव घरात बसलाय अन् धनी निघाला व्हय?"

"देव तुमचा आहे. एलिया आहे इथे, तो बघेल."

कोणी आवाज चढवला नाही, कोणी हातही उगारला नाही. भीमा उठला, अदबीने शेठच्या हातातली बॅग घेतली. "द्या, मी नेतो," म्हणाला आणि बॅग घेऊन बंगल्याकडे चालू लागला. मग शेठही त्याच्यामागून गेले.

"अन् मोटारीचा घोर करू नगा," तात्या मागून म्हणाले. "चाकं काढून देवळात ठिवलीत. चोरी नगं व्हायला."

गावाने त्यांना उपाशी ठेवलं नाही. बायका रोज भाकऱ्या आणून देत. स्वतः खडीच्या कामावर मिळणाऱ्या सुकडीवर भागवत आणि शेठच्या पानात मात्र ज्वारीची भाकरी वाढत. मालनला तो घास गिळवत नसे. शेठ व्हरांड्यात बसून राहत. आकाश रोज स्वच्छ, निळं, आणि ऊन फरशीवरून डोळ्यांत उसळायचं.

बेबी बदलत चालली. तिने पोहण्याचा हट्ट सोडला. दुपारपर्यंत ती पाणीही पिईना. मालनने चोरून दूध पुढे केलं तर म्हणाली, "आई, अजून येळ झाली न्हाई." ही बोली तिने कधी उचलली, ते कोणाला कळलं नाही. एकदा ती हौदाच्या काठावर कान टेकून पडली होती. मालनने उठवलं तेव्हा म्हणाली, "तो गुदमरलाय. मला ऐकू येतं." त्या दिवसापासून मालनच्या मनात दुसरं काही उरलं नाही. काहीही करून बेबीला इथून न्यायचं.

विहीर खोल गेली. इंजिन फुर्रर्र करून बंद पडायला लागलं. हौदातलं पाणी रोज थोडं थोडं उतरत होतं आणि एका सकाळी बाणाचा माथा पाण्याबाहेर दिसला, वितळलेल्या डांबरासारखा चमकणारा. बायका आपसांत कुजबुजल्या. त्यांनी मालनकडे पाहिलं नाही, बेबीकडे पाहिलं.

"आता कडक उपास," तात्या म्हणाले. "उद्यापास्नं. अन्न न्हाई, पानी न्हाई. आभाळ येईस्तोवर."

"मी करते," मालन म्हणाली. "आम्ही दोघं करतो. ती लहान आहे."

"मोठ्यांचा उपास देव मोजीत न्हाई, बाई. कुवारनीचा मोजतो."

हे ते अगदी मायेने म्हणाले.

दुपारी हौदाभोवती भजन चालू असताना एलियाने स्वयंपाकघराचं मागचं दार उघडून धरलं. "पलीकडच्या पात्रातून जा," तो म्हणाला. "त्या काठाला औरंगाबाद जिल्हा. तिथे तुम्हाला कोणी धनी म्हणणार नाही."

"तूही चल," शेठ म्हणाले.

"मला इथेच राहायचंय, शेठ. माझी बायको मार्था गावात आहे, पोरं आहेत."

शेठनी बेबीला कडेवर घेतलं. ती रडली नाही; फक्त मान वळवून मागे पाहत राहिली. वाळू इतकी तापली होती की चपलेच्या कडेने पाय भाजत होते. निम्मंही पात्र ओलांडलं नव्हतं, तेव्हा मालनच्या तोंडाला गार वारा लागला. तिला क्षणभर बरं वाटलं. मग बैलगाड्यांची रांग लांबून यावी तसा आवाज येऊ लागला आणि पायाखालची वाळू मऊ झाली. वरच्या वळणावरून काटक्या, पाचोळा आणि फेस यांची एक मळकी रेघ सगळं पात्र भरून पुढे सरकत होती.

"शेठ, मागं फिरा," बेटावरून एलिया ओरडत होता. "मागं फिरा."

पलीकडचा काठ लांब होता. बेट जवळ होतं. तिघं धावत सुटली. एलियाने पाण्यात उतरून मालनचा हात धरला आणि तिला वर ओढलं. मागे वळून पाहिलं तेव्हा वाळू कुठेच नव्हती.

मालनला आधी हसू आलं, मग रडू. "पाणी आलं," ती म्हणत राहिली. "आलं पाणी."

भजन थांबलं होतं. माणसं बेटाच्या कडेला येऊन उभी राहिली होती. कोणी आनंदाने ओरडलं नाही. तात्यांनी कपाळावर हात धरून आभाळ पाहिलं. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

"वर नाशकाकडं पडलं, त्येचं पानी हाय हे," ते म्हणाले.

"पाणी ते पाणी," शेठना धाप लागली होती. "तुमची रीत पुरी झाली. आता आम्हाला पलीकडे पोचवा."

"आपल्या शिवारात थेंब पडला का, शेठ?"

एलियाने गावाकडच्या काठाकडे पाहिलं. होडी तिथे पालथी पडली होती आणि पाणी तिच्या भेगांतून आतबाहेर करत होतं.

बेबी वडिलांच्या कडेवरून उतरली. हौदापाशी ठेवलेला आपला तांब्या तिने उचलला, नदीच्या कडेला जाऊन भरला आणि परत आली. माणसांनी तिला वाट दिली. मालनने हाक मारली. तिने वळून पाहिलं नाही. पायऱ्या उतरून तिने तांब्या त्या काळ्या माथ्यावर सावकाश ओतला. मग पुन्हा भरायला निघाली.

"उद्या काय खायाचं न्हाई, बाय," तात्या म्हणाले.

"ठावं हाय," बेबी म्हणाली.

ऊन कडक होतं. बंगल्याच्या चारी बाजूंनी पाणी चमकत होतं.