आधी डावी बाही

डोळे मिटा बरं. समजा, तुम्ही ताठ उभे आहात. तोंड समोर, हात दोन्ही बाजूंना सैल सोडलेले आणि तळवे पुढे वळवलेले. कुणीतरी विचारलंय, "काय लपवलंस रे?" आणि तुम्ही दाखवताय, "काही नाही, बघा!" आता टाळूपासून एक दोरा सोडा. तो नाकाच्या शेंड्यावरून, बेंबीवरून, दोन टाचांच्या मधोमध जमिनीला टेकू द्या. ही झाली शरीराची मध्यरेषा.

"दिसला का दोरा, मास्तर?" व्यायाम करून घ्यायला घरी आलेल्या ताईंनी विचारलं.

"दिसला. सरळ आहे," मास्तर डोळे मिटूनच म्हणाले.

दोऱ्याशी त्यांची जुनी ओळख. अख्ख्या गल्लीचे सदरे त्यांनी शिवले होते. आता मात्र ते खिडकीजवळच्या खुर्चीत, अंगाभोवती चादर लपेटून बसले होते. डाव्या अंगावरून वारं गेलं तेव्हापासून त्यांनी सदरा घातलाच नव्हता. मुलगा घालून द्यायला आला, तर त्याच्यावर खेकसले होते, "दुसऱ्यानं कपडे चढवायला मी काय दुकानातला पुतळा आहे? माझा मला घालता येईल, त्या दिवशी बाहेर येईन." तेव्हापासून भेटायला आलेली माणसं बाहेरच्या खोलीतूनच परत जात होती.

"भिंगरी, आजोबांचा डावा हात कुठला गं?" ताई म्हणाल्या.

भिंगरी म्हणजे मास्तरांची नात. घरात हेच नाव, कारण ती एका जागी म्हणून ठरायची नाही. ती आजोबांच्या समोर उभी राहिली आणि तिच्या डाव्या बाजूला जो हात दिसला, तो तिनं धरला.

"तो उजवा. डावं-उजवं ज्याचं अंग, त्याचं. बघणाऱ्याचं नाही," ताई म्हणाल्या.

मास्तरांना पहिल्यांदा हसू आलं. "हे चुकलं ना, की गिऱ्हाइकाचा खिसा भलतीकडे जातो. मग बसतो तो आयुष्यभर खिसा शोधत."

भिंगरीनं डावा हात धरला. तो जड होता आणि गार होता.

"आता हा हात हलवायचा नाही हं, मास्तर. नुसता मनात हलवायचा," ताई हळू आवाजात म्हणाल्या. "कोपरात दुमडा. त्याला म्हणायचं आकुंचन. आता लांब करा. ते प्रसरण. आता हात मध्यरेषेपासून दूर न्या... दूर... आणि परत जवळ आणा."

खिडकीचा पडदा फुगला, बसला. मास्तर कुठेतरी लांब गेले होते. त्यांना दुकान दिसलं. दांडीवर शिवून टांगलेले सदरे, आत माणूस कुणीच नाही, तरी बाह्या हळूहळू वर उचलल्या जात होत्या. पाण्याखालचं गवत डोलावं तशा. पांढरी बाही दुमडली, निळी लांब झाली. सगळ्यात शेवटी त्यांचाच फिकट सदरा होता. त्याची डावी बाही मध्यरेषेपासून दूर गेली, खांद्याएवढी वर आली आणि तरंगत राहिली. मास्तरांना वाटलं, डोळे उघडूच नयेत.

उघडले. हात मांडीवर होता तिथेच होता.

"हलला?" त्यांनी विचारलं.

भिंगरीनं ताईंकडे पाहिलं. ताई म्हणाल्या, "नाही. आज नाही."

मग मास्तरांनी उजव्या हातानं चादर बाजूला सारली. "माझा सदरा आण गं."

त्यांनी झटक्यात उजवा हात बाहीत घातला. सदरा पाठीवरून डावीकडे ओढायला गेले, तर तो मध्येच अडकला. दुसरी बाही मागे लोंबत राहिली. काढला, पुन्हा घातला, पुन्हा तेच. कपाळावर घाम आला. "राहू दे! घडी घालून ठेव तो!"

"मास्तर," ताई जागेवरून न उठता म्हणाल्या, "तुम्ही गिऱ्हाइकाला सदरा घालून बघताना आधी कुठली बाही घालायचात?"

"उजवी. कायमच."

"तीच सवय नडतेय. चांगला हात वाट बघू शकतो. जो रुसलाय, त्याची समजूत आधी काढायची."

मास्तर सदऱ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तो मांडीवर पसरला, उजव्या हातानं डावं मनगट उचललं आणि बाहीच्या तोंडाशी ठेवलं. बाही बोटांवरून, मनगटावरून, कोपरावरून वर सरकवत सरकवत खांद्यापर्यंत नेली. शिवताना अंगठ्याला सुई लागू नये तशी सावकाश. मग सदरा पाठीमागून फिरवून आणला, आणि उजवा हात आपोआप आत गेला.

बाहेरच्या खोलीत कुणीतरी खोकलं. शेजारचे काका आले होते.

"आजोबा, गुंड्या मी लावते!" भिंगरी पुढे झाली.

"थांब," मास्तर म्हणाले.

एका हाताची बोटं पहिल्या गुंडीशी झटापट करू लागली. गुंडी काजाच्या तोंडाशी यायची आणि निसटायची. भिंगरीचे हात शिवशिवत होते. ती आजोबांच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसली. तिनं आपला डावा हात मांडीवर सोडून दिला, स्वतःच्या झग्याची वरची गुंडी काढली, आणि एकाच हातानं, आजोबांच्या बरोबरीनं, ती लावायला लागली.