जांभळ्या झग्याचं माप

धर्मगुरूंचे झगे शिवणाऱ्या ताईला रंगांची उतरंड तोंडपाठ होती. साध्या फादरला काळा, बिशपला जांभळा, कार्डिनलला लाल आणि सगळ्यांच्या वर पोपचा पांढरा. धाकट्या भावाला दीक्षा मिळाली तेव्हा त्याचा पहिला काळा झगा तिनेच शिवला होता. आईवडील गेल्यावर मिरवावं असं तिच्याकडे तेवढं एकच होतं.

आज तोच भाऊ पिशवीतून बिशपांचा जांभळा झगा घेऊन आला. म्हातारे बिशप काही आता अंथरुणातून उठत नाहीत, त्यांच्या जागी आपलंच नाव चाललंय, नवा झगा शिवायला टाकला तर गावभर बोभाटा होईल, तेव्हा हाच माझ्या मापाचा करून दे, असं त्याने बहिणीला समजावलं. त्यांनी दिला का, असं तिने विचारलं. त्यांना शुद्ध कुठे असते, म्हणाला.

ताईने झगा उलगडला. कॉलरला म्हाताऱ्याच्या मलमाचा वास होता, एक पांढरा केसही चिकटला होता. पठ्ठ्याने तो केस चिमटीत धरून झटकला आणि झगा चढवला. मग आरशासमोर पोट आत ओढून डावीकडून बघ, उजवीकडून बघ. नवरी मुलगी परवडली. जिवंत माणसाचे कपडे काढून नेणाऱ्या या माणसाच्या ताटात आपण जेवलो, याची तिला शिसारी आली. तरी ती पाठीवर टाचण्या लावत राहिली.

तेवढ्यात दार वाजलं. भाऊ टुणकन पडद्यामागे. दारात बिशपांचा ड्रायव्हर होता. साहेबांना आज जरा हुशारी वाटतेय, उद्या देवळात येऊन लोकांचा निरोप घ्यायचाय आणि झगा काही कपाटात सापडत नाही, दुरुस्तीला तुमच्याकडे आलाय का, असं तो विचारत होता. पडद्याच्या फटीतून भाऊ हात जोडून नाही म्हण, नाही म्हण करत होता. हो म्हटलं तर त्याचं नाव कायमचं जाणार होतं, आणि तिचं मिरवणंही.

"आलाय," ताई म्हणाली. "पडद्यामागे माझ्या भावाच्या अंगावर आहे. जपून काढ, टाचण्या लावल्यात."

ड्रायव्हरने पडदा सारला. समोर जांभळा रंग दिसताच इतक्या वर्षांच्या सवयीने त्याची मान खाली गेली.

आणि भावाने आशीर्वादाला हात उचलला.