अकरा लाख नावांचा लिलाव

ऑगस्टातला मंगळवार होता. कॉलीन मागच्या पायरीवर बसून मक्याची कणसं सोलत होती आणि मी शेजारी बसून त्यांचे केस निवडत होते. रविवारी चर्चमध्ये प्रत्येकीनं आपापला पदार्थ न्यायचा होता. कॉलीनच्या मक्याच्या पुडिंगचं भांडं तिथं सगळ्यांत आधी रिकामं व्हायचं.

ती आमच्या गावात येऊन तीन वर्षं झाली होती. हे तिचं चौथं घर. तिचा सहा वर्षांचा मुलगा एमेट शाळेतल्या गोळीबारात गेला, पण त्यासाठी तिनं आपलं गाव सोडलं नाही. सोडलं ते रस्क नावाच्या माणसामुळे. गोळीबार झालाच नाही, एमेट नावाचं पोर कधी जन्मलंच नाही, ही बाई पैसे घेऊन रडणारी नटी आहे, असं तो आपल्या रेडिओच्या कार्यक्रमातून रोज सांगायचा. ऐकणारे पेटले. कुणी तिच्या दारावर फुल्या मारल्या, कुणी रोज पत्रं टाकली, एकानं तर कबर उकरून दाखव म्हणून फोन केला. कसली ही माणसं, पोटचं पोर गेलेल्या बाईला असं बोलायला यांची जीभ रेटते तरी कशी, असं मी तिला कितीदा म्हटलं असेल.

मुलं गमावलेली आणि मुलं जखमी झालेली मिळून एकोणीस घरं रस्कविरुद्ध कोर्टात गेली आणि भरपाई जिंकली. रस्कनं हात वर करून दिवाळं काढलं. आता त्याच्या कंपनीचा लिलाव होणार होता आणि येईल तो पैसा या घरांना जाणार होता. उशिरा का होईना न्याय झाला, असं आम्ही सगळेच म्हणत होतो.

कणसं सोलताना वकील पेट्राकिस बाईंचा फोन आला. कॉलीननं तो पायरीवर ठेवून आवाज मोठा केला, म्हणून मलाही सगळं ऐकू आलं. कॅमेरे, टेबलं, रस्क कार्यक्रमात विकायचा त्या सांधेदुखीच्या नि झोपेच्या गोळ्यांची खोकी, या सगळ्याला भंगाराचा भाव होता. खरी किंमत होती ती एकाच वस्तूला. ऐकणाऱ्यांची यादी. अकरा लाख नावं, पत्त्यांसकट, कुणी काय घेतलं त्यासकट.

"बाई, यादी म्हणजे आम्हाला पत्रं लिहिणारी माणसंच ना ही?" कॉलीननं विचारलं.

"त्यांतलीच. एकदा घाबरलेलं गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा घेतं, म्हणून यादीला भाव आहे."

"आणि घेणारा कोण?"

"रस्कच्याच धंद्यातला. वयानं लहान आहे."

कॉलीननं हातातलं कणीस खाली ठेवलं. "म्हणजे ही माणसं जितकी वाईट, तितकी माझ्या एमेटची किंमत जास्त."

"हो," पेट्राकिस बाई म्हणाल्या. प्रामाणिक बाई, उगाच गोड बोलायची त्यांना सवय नव्हती. मग त्यांनी सांगितलं की विक्रीला संमती म्हणून सगळ्या घरांच्या सह्या हव्यात. हरकत घेता येईल, पण हरकतीच्या अर्जावर नाव आणि राहता पत्ता लिहावा लागतो, आणि कोर्टाचा कागद कुणालाही वाचता येतो.

संध्याकाळी कॉलीनचं नवऱ्याशी वाजलं. डेल वाईट माणूस नव्हे. गोदामात ओझी उचलून त्याच्या पाठीचे तीनतेरा वाजले होते, ऑपरेशन पैशांअभावी दोन वर्षं लांबणीवर होतं. तो म्हणाला, अगं, तू नाही म्हटलंस तरी ते विकणारच, आपला पत्ता तेवढा बाहेर फुटेल. खरं बोलत होता. ती एवढंच म्हणाली, "विकू देत. माझ्या सहीनं नको."

दुसऱ्या दिवशी त्या एकोणीस घरांतल्या एका बापाचा फोन आला. त्याची मुलगी वाचली होती, पण चाकांच्या खुर्चीत होती, आणि तिच्या नर्सचा खर्च त्याला झेपत नव्हता. तू अडवू नकोस, असं तो अगदी अजिजीनं म्हणाला. तू सही कर, माझा तुझ्यावर राग नाही, असं तिनं त्याला सांगितलं आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात हमसून हमसून रडली. मग डोळे पुसून तिनं हरकतीच्या अर्जावर पत्ता लिहिला.

सुनावणी आठ मिनिटं चालली. दिवाळखोराची चीजवस्तू जास्तीत जास्त भावानं विकणं कायद्यानं बंधनकारक आहे, न्यायाधीश म्हणाले, आणि बाई, हे तुमच्याच भल्यासाठी आहे. यादी विकली गेली. वाईट बोलणाऱ्याचं तोंड बंद करायला निघालेल्या कायद्यानं त्याचे श्रोते दुसऱ्याच्या हवाली केले, आणि त्याला न्याय म्हटलं.

नव्या मालकानं पहिल्याच आठवड्यात श्रोत्यांना सांगितलं की त्या रडणाऱ्या कुटुंबांनी तुम्हाला बाजारात विकून खाल्लं. अर्जातला पत्ता हुडकून काढायला कुणाला वेळ लागला नाही. ऑक्टोबरात पत्रं सुरू झाली. डेलनं घर हलवायला गॅरेजात पुन्हा खोकी जमवायला घेतली.

हे मी तिची कीव यावी म्हणून लिहीत नाही. तिला कीव नको आहे. लिहिते आहे त्याला कारण त्या महिन्यातला एक शनिवार.

आमच्या दोघींच्या टपालपेट्या रस्त्याच्या कडेला शेजारीशेजारी आहेत. कॉलीन आपली पत्रं काढत होती. वरच्याच पाकिटावर कुणीतरी लाल अक्षरांत 'खोटारडी' असं लिहिलं होतं. मी माझी पेटी उघडली. आत एकच रंगीत पाकीट होतं. नव्या मालकाचं नाव, त्याखाली माझं, ठळक छापलेलं, 'आमच्या जुन्या परिवारातल्या प्रिय व्हर्ना'. लपवायला हात पुरे पडले नाहीत.

तिनं ते वाचलं.

"काय घेतलं होतंस त्यांच्याकडून?"

"गुडघ्याच्या गोळ्या," मी म्हणाले. "तू इथं यायच्या आधी."

"गुण आला?"

"थोडासा."

तिनं मान हलवली, पत्रं काखेत धरली आणि घरात गेली. एमेटचं नाव निघालं तेव्हा तू रेडिओ बंद केलास का, हे तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगावं लागलं असतं, की नाही केला. गोळ्यांवरची सवलत कार्यक्रमाच्या शेवटी सांगायचे, म्हणून मी ऐकत बसले होते.